मत्स्य-कुलवृत्तांत

माशाची थोरवी ताटात ठरते, अशी आमच्या किनाऱ्यावरची पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत असून, पापलेटाने वरच्या पाटावर बसावे, सुरमईने त्याच्या शेजारी, आणि बांगड्याने, त्याची गुणवत्ता कितीही असली तरी, बाजारभावाने नेमून दिलेल्या जागी निमूटपणे पडून राहावे, या व्यवस्थेत आजवर कोणाला अन्याय दिसलेला नाही. माशाचे पूर्वज कोण, तो जन्मला कोठे, त्याच्या पाठीवर पर किती, तो अंडी कोणत्या ऋतूत घालतो, असल्या चौकशा कोळणीच्या टोपलीसमोर उकिडवे बसून एखाद्या गिऱ्हाइकाने केल्याच, तर ती बाई त्याच्याकडे ज्या नजरेने पाहील ती शब्दांत उतरविण्याचे सामर्थ्य माझ्या लेखणीत नाही. ब्रिटिश बेटांत मात्र गोड्या पाण्यातील माशाची प्रतिष्ठा ठरविताना नेमक्या ह्याच चौकशा होतात, आणि त्यांची उत्तरे समाधानकारक आल्याखेरीज कोणाही सभ्य गृहस्थाने त्या माशापुढे कृत्रिम माशी टाकू नये, असा तेथील शिष्टसंप्रदाय आहे.

तेथे नदीतल्या प्रजेचे वर्ण दोनच. सॅमन, समुद्रात जाऊन येणारा सी-ट्राउट आणि घरकोंबडा ब्राउन ट्राउट हे ‘गेम’, म्हणजे ज्यांची मृगया केली असता करणाराची अब्रू वाढते असे कुलीन. आणि पाइक, पर्च, रोच, ब्रीम, टेंच, कार्प ही उरलेली सगळी रयत ‘कोअर्स’. कुलीनत्वाचे बाह्य लक्षण विचाराल तर पाठीवरच्या मुख्य पराच्या मागे, शेपटीच्या थोडा अलीकडे, काट्याचा आधार नसलेला, चरबीचा म्हणून ओळखला जाणारा एक पेराएवढा पर. आणि गळकरी मंडळी त्याच्याकडे जानव्याकडे पाहावे तशा आदराने पाहतात. वस्तुतः तेवढ्याच पुराव्यावर निकाल द्यायचा तर आमच्या कृष्णेतल्या शिंगाळ्याला, ज्याच्या पाठीवर हा पर चांगला ऐसपैस पसरलेला असतो, त्या पंक्तीत अग्रपूजेचा मान द्यावा लागेल. पण शिंगाळ्याला मिशा आहेत, अंगावर खवले नाहीत, आणि मुख्य म्हणजे लंडनमध्ये त्याचे कोणी नाही.

त्याहूनही करुण कैफियत आहे ती ग्रेलिंगची. हा सॅमनच्या सख्ख्या भाऊबंदांपैकी. चरबीचा पर त्याला आहे. पाठीवरचा मोठा पर त्याने उभारला म्हणजे ती ठिपक्याठिपक्यांची पताका पाहून एखाद्या दरबारी चित्रकारानेही हातची कामे बाजूला ठेवावीत. त्याच्या ताज्या अंगाला थाइम नावाच्या वनस्पतीचा, म्हणजे आपल्याला ओव्याची आठवण व्हावी असा, वास येतो असे म्हणतात आणि त्याचे शास्त्रीय नावदेखील त्यावरूनच पडले आहे. आणि माशी तर तो इतक्या मोकळेपणाने घेतो की गळकऱ्याने त्याचे उपकारच मानावेत. इतके असून इंग्लंडच्या नियमांत त्याची गणना कोअर्समध्ये! अपराध एवढाच, की बाकीचे भाऊबंद हिवाळ्याच्या तोंडाशी अंडी घालतात आणि हा वसंतात घालतो. त्यामुळे शिकारबंदीचे महिने ठरविताना त्याला रोच-ब्रीमच्या यादीत ढकलावे लागले. मुहूर्त चुकल्याबद्दल घराण्यातून नाव कमी झाल्याची उदाहरणे आमच्याकडेही आहेत, पण ती निदान लग्नाच्या बाबतीत. हॅम्पशरच्या प्रसिद्ध नद्यांवरचे राखणदार तर ट्राउटच्या तोंडचा घास पळवतो म्हणून ह्या गरीब प्राण्याला वर्षानुवर्षे जाळी टाकून उपसून काढीत असत.

आता ह्या सगळ्या व्यवहाराचे मुख्य साधन जी माशी, तिच्याविषयी. लोखंडी गळावर रेशीम, लोकर, पिसे बांधून एखाद्या किड्याचा आभास उत्पन्न करावा आणि माशाला फसवावे, ही विद्या बरीच जुनी आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकांच्या संधिकाली ईलियन नावाच्या रोमन ग्रंथकाराने मॅसिडोनियातल्या लोकांची हकीकत लिहून ठेवली आहे, की ते गळाभोवती तांबडी लोकर गुंडाळतात आणि तीत कोंबड्याची दोन पिसे खोवतात. तत्त्वात तेव्हापासून आजतागायत फारसा फरक पडलेला नाही. वाढली ती शास्त्रार्थाची पाने. आयझॅक वॉल्टनने १६५३ साली गळाच्या छंदावर जो ग्रंथ लिहिला तो आजही छापला जातो, परंतु माशीची विद्या त्याला स्वतःला बेताचीच अवगत असल्याने १६७६ च्या आवृत्तीत चार्ल्स कॉटन नावाच्या स्नेह्याकडून तो भाग वेगळा लिहवून घ्यावा लागला. जे आपल्याला येत नाही ते मित्राकडून लिहवून घ्यावे आणि पुस्तक मात्र आपल्या नावाने चालावे, हा साहित्यव्यवहारही किती प्राचीन आहे ते यावरून ध्यानात येईल.

खरा धर्मभेद माजला तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. दक्षिण इंग्लंडात खडूच्या टेकड्यांतून झिरपून आलेल्या, आरशासारख्या स्वच्छ पाण्याच्या नद्या आहेत, आणि तेथल्या ब्राउन ट्राउटला पाण्याच्या पृष्ठावर तरंगणारे किडे टिपण्याची सवय आहे. फ्रेडरिक हॅल्फर्ड यांनी १८८६ साली तरंगत्या माशीवर ग्रंथ लिहिला, तीन वर्षांनी दुसरा लिहिला, आणि त्यांच्या अनुयायांनी त्यांतून एक स्मृतीच निर्माण केली: मासा वर येऊन किडा टिपताना डोळ्यांनी दिसला पाहिजे, माशी त्याच किड्याची हुबेहूब प्रतिकृती पाहिजे, ती कोरडी, तरंगती पाहिजे, आणि प्रवाहाच्या उलट दिशेने, त्या एकाच माशासाठी, संकल्प सोडावा तशी सोडली पाहिजे. एवढ्यात जी. ई. एम. स्क्यूज नावाच्या एका वकिलाने एक अप्रिय गोष्ट केली. धरलेल्या ट्राउटच्या पोटात त्यांनी एक लांबट चमचा घातला आणि आतला ऐवज पाण्यात पसरून पाहिला. ट्राउटचे बहुतेक जेवण पृष्ठाखाली, अर्धवट वाढलेल्या किड्यांवरच होते, असे त्या पुराव्यावरून निघाले, आणि १९१० साली त्यांनी ते प्रसिद्धही केले. सनातन्यांचे म्हणणे असे, की ट्राउट काय खातो हा प्रश्नच गौण असून त्याने काय खावे हा मुख्य आहे. १९३८ च्या फेब्रुवारीत, म्हणजे सारे युरोप युद्धाच्या कड्यावर उभे असताना, लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात बुडती माशी सभ्य की असभ्य ह्या विषयावर रीतसर वादसभा झाली, आणि ऐंशीच्या घरात आलेल्या स्क्यूजना तीत आपल्या चमच्याची बाजू मांडावी लागली.

ह्या वादात ज्याचे मत कोणीच विचारले नाही तो मेफ्लाय नावाचा किडा. हा बिचारा सुमारे दोन वर्षे नदीच्या तळच्या गाळात काढतो, आणि वसंताच्या अखेरीस वर येऊन पंख फुटले म्हणजे त्याच्या ध्यानात येते की आपल्याला कामापुरते तोंडच उरलेले नाही. त्यामुळे जेवणखाण्यात वेळ न दवडता तो दिवस-दोन दिवसांत विवाह, संतती आणि मरण ही तीनही कार्ये उरकतो. त्या पंधरवड्यात ट्राउट इतके बेभान होतात की कोणाही अनाड्याने धरावे. आणि इंग्रजांनी त्या काळाला ‘अनाड्यांचा पंधरवडा’ असेच नाव दिले असल्याने, त्या दिवसांत भरपूर मासे धरणाऱ्या थोरामोठ्यांची मोठी पंचाईत होते.

सी-ट्राउटचे प्रकरण कौटुंबिक आहे. तो ब्राउन ट्राउटहून वेगळ्या जातीचा असावा असे रूपावरून कोणालाही वाटेल. परंतु दोघे एकाच आईची, एकाच खड्ड्यात घातलेल्या अंड्यांतून निघालेली लेकरे असू शकतात. काही भावंडे गावच्या ओढ्यातच राहतात, तपकिरी अंगावर तांबडे-काळे ठिपके वागवीत एखाद्या दगडाआडची जागा धरतात, आणि तिच्या हद्दीवरून शेजाऱ्याशी जन्मभर तंटा करतात. काही मात्र दोन-तीन वर्षांची झाली की तपकिरी कपडे टाकून रुपेरी चढवतात आणि समुद्राची वाट धरतात. आणि तिकडून भरल्या अंगाने परत आली म्हणजे गणपतीला गावी उतरलेल्या चाकरमान्याकडे वाडीतले लोक पाहतात तसे ओढ्यातले भाऊ त्यांच्याकडे पाहत असले पाहिजेत. भेद इतकाच, की आमच्याकडून मुंबईस मुलगे गेले आणि येथे समुद्रावर जाणाऱ्यांत मुलींचा भरणा अधिक. कारण जितके अंग मोठे तितकी अंडी जास्त, हा हिशेब त्यांना पक्का कळतो. वेल्समध्ये ह्या माशाला एक नाव, डेव्हनमध्ये दुसरे, आयर्लंडात तिसरे. स्कॉटलंडच्या कायद्याने तर कमालच केली आहे: ‘सॅमन’ कशास म्हणावे हे सांगताना त्याने समुद्रात जाऊन आलेल्या ट्राउटलाही त्या व्याख्येत घेतले आहे. म्हणजे जो भाऊ घरी राहिला तो ट्राउट, आणि जो दोन घोट खारे पाणी पिऊन आला तो साक्षात राजकुळात दत्तक!

राजा अर्थात सॅमन. त्याच्या आयुष्याच्या पायऱ्यांना जितकी नावे आहेत तितके हुद्दे मुलकी खात्यातही नसतील. अंड्यातून निघालेला, पोटाला पिवळ्या बलकाची शिदोरी बांधलेला तो अॅलेविन, मग फ्राय, मग कुशीवर बोटांचे ठसे उमटल्यासारखे डाग पडले की पार, रुपेरी वर्दी चढवून समुद्राकडे निघाला की स्मोल्ट, समुद्रात एकच हिवाळा काढून परतला तर ग्रिल्स, अधिक काढले तर पूर्ण सॅमन, आणि अंडी घालून झाल्यावर हाडांचा सापळा होऊन वाहत चालला की केल्ट. ह्या बढत्यांच्या घोटाळ्यात पार ही निराळीच क्षुद्र जात आहे असे पुष्कळ जण धरून चालत असत, आणि उद्याचे राजे टोपल्या भरभरून तळले जात. शेवटी १८३० नंतरच्या दहा वर्षांत ड्रमलॅनरिग येथील एका सरदाराच्या नोकरीत असलेल्या जॉन शॉ नावाच्या शिकारराख्याने हे पार तळ्यात पाळून, त्यांना डोळ्यांदेखत रुपेरी वर्दी चढवून दाखविली, तेव्हा पंडितांनी बऱ्याच कुरकुरीनंतर ते मान्य केले. तो पुढे समुद्रात नेमका जातो कोठे ह्याचा पत्ता तर त्यानंतरही शंभराहून अधिक वर्षे लागला नाही. १९५० नंतर ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळ खुणेचे मासे सापडू लागले, तेव्हा फरारी आसामीचा मुक्काम उघडकीस आला. आणि मुक्काम कळताच तेथे जाळी घेऊन कोण कोण धावले, तो इतिहास विनोदी लेखात घालण्याजोगा नाही.

परंतु खरी गंमत पुढेच आहे. समुद्रात यथेच्छ भोजन करून, ज्या ओढ्यात जन्मला त्याच ओढ्याच्या पाण्याचा वास हुंगीत हा मासा परत नदीत शिरतो, आणि शिरल्या क्षणापासून अन्न वर्ज्य करतो. अंडी घालण्याचा काळ हिवाळ्याच्या आरंभी. कित्येक मासे त्याआधी आठ-आठ, दहा-दहा महिने नदीत येऊन राहतात, आणि तो सगळा काळ साठविलेल्या चरबीवर काढतात. पोट आक्रसते, पचनाचा कारभार बंद पडतो. कडकडीत उपवास, निर्जळी तेवढी त्याला जमत नाही. अशा ह्या व्रतस्थ प्राण्यापुढे पंधरा फुटी काठीने खाद्याची प्रतिकृती नाचविणे ह्याला सॅमनची फ्लाय-फिशिंग म्हणतात, आणि त्यासाठी लोक रजा काढतात, कर्ज काढतात आणि हिवाळ्याच्या पाण्यात कमरेएवढे उभे राहतात. त्याहून आश्चर्य हे, की मासा ती माशी क्वचित तोंडात घेतोही! का घेतो ह्याची उत्तरे पुष्कळ आहेत: कोणी म्हणतात समुद्रातली सवय, कोणी म्हणतात राग, कोणी कुतूहल, कोणी बाळपणी ओढ्यात खाल्लेल्या किड्यांची आठवण. एकादशीच्या दिवशी साबुदाण्याच्या खिचडीभोवती घुटमळणाऱ्या माणसांचा मला जो अनुभव आहे त्यावरून मी ह्यांपैकी कोणतेही उत्तर नाकारीत नाही.

खायचेच नाही म्हटल्यावर माशीनेही कोणासारखे दिसण्याची जबाबदारी झुगारून दिली, हे ओघानेच आले. व्हिक्टोरिया राणीच्या काळातली सॅमनची माशी सृष्टीतल्या कोणत्याही किड्याशी नाते सांगत नाही. ‘जॉक स्कॉट’ नावाची माशी घ्या. तिचे अंग अर्धे पिवळ्या आणि अर्धे काळ्या रेशमाचे. मध्ये टूकनच्या पिसांचे झुपके आणि शहामृगाच्या केसराचा करगोटा. गळ्याशी चित्रांगी गिनी-कोंबडीचे पीस. पंखांत टर्की, मोर, रंगविलेला हंस, माळढोकाच्या कुळातले पक्षी, सोनेरी फेझंट. शिंगे मकाव पोपटाची. आणि वरून फेझंटच्या तुऱ्याची सोनेरी कमान. दीड-दोन इंचांच्या गळावर हे सगळे दाट न होता बसले पाहिजे आणि प्रत्येक पिसाची शीर ठरल्या कोनात वळली पाहिजे. १८९५ साली जॉर्ज केल्सन यांनी अशा माश्यांचा एक जाडजूड ग्रंथच प्रसिद्ध केला. साम्राज्यावर सूर्य मावळत नसे याचे एक कारण, एकेक माशी बांधायला लागणारे पक्षी एकाच वेळी सगळ्या खंडांत धरता यावेत, हेही असावे.

ह्या दरबारात आमच्या सह्याद्रीचाही एक मानकरी आहे. आंबोली-महाबळेश्वरच्या रानांत पहाटे ओरडणारा जो राखी रानकोंबडा, त्याच्या मानेच्या पिसांच्या टोकांशी मेणाचे थेंब गोठावेत तसे पिवळट-पांढरे, गुळगुळीत टिकले असतात. माझ्या भाच्याच्या पेटीत मी असे एक पीस जवळून पाहिले आहे. बोटाने चोळले तर नखासारखे लागते, उजेडात धरले तर हस्तिदंतासारखे दिसते, आणि माशीच्या गालाशी बसविले म्हणजे हुबेहूब डोळा होतो. हा डोळा नसला तर माशी आंधळी, आणि गळकरी अस्वस्थ. कित्येक वर्षे ही पिसे ज्या खोक्यांतून विलायतेस गेली त्यांची बिले कोणत्या दफ्तरात असतील ती असोत. आता आमच्या कायद्याने कोंबड्याला संरक्षण आहे, आणि तिकडच्या हौशी लोकांनी परसात त्याच्या पिढ्या वाढवून आपली सोय केली आहे. स्कॉटलंडच्या धुक्यात सह्याद्रीचा कोंबडा आरवत असेल, तर त्याच्या उच्चारात एव्हाना काय फरक पडला असेल हे ऐकण्याची मला उत्सुकता आहे.

साहेब इकडे आला तेव्हा त्याची जी मानसिक अडचण झाली, तीही येथेच सांगितली पाहिजे. येथल्या नद्यांत सॅमन नाही, ट्राउट नाही; आहे तो महसीर. बळ असे, की प्रवाहात एकदा वळला म्हणजे रिळावरची दोरी संपेपर्यंत मागे पाहत नाही. परंतु कुळ पाहू जाता हा कार्पचा भाऊबंद, म्हणजे इंग्लंडात शुद्ध कोअर्स! ह्या पेचातून मार्ग असा निघाला, की परमुलखात आहोत तोपर्यंत महसिराला हिंदुस्थानचा सॅमन मानावे. १८७३ साली मद्रास इलाख्यातले मुलकी अधिकारी एच. एस. टॉमस यांनी ‘द रॉड इन इंडिया’ हा ग्रंथ लिहून त्याच्या पराक्रमावर शिक्कामोर्तब केले. तत्पूर्वीच कर्नल साइक्स यांनी दख्खनची मोजदाद करता करता पुण्याजवळच्या मुळा-मुठेतला आमचा खडशी १८३९ साली शास्त्राच्या दफ्तरी दाखल केला होता, तो त्याच्या मराठी नावासकट. आणि ‘खुद्री’ ह्या लॅटिन पोशाखात तो आजही तेथे हजर आहे. तेवढ्यानेही ज्यांचे समाधान झाले नाही त्यांनी ट्राउटची अंडी बर्फात घालून बोटीने काश्मिरात आणि निलगिरीत आणविली. समुद्रातून गोड्या पाण्यात चढणारा मासाच हवा होता, तर आमचा पाला त्या विद्येत काही कमी नव्हता. पण त्याच्या अंगातले काटे मोजता मोजता साहेबाची न्याहारी संपत नसावी.

स्कॉटलंडात सॅमनची मालकी ही स्वतंत्र जिंदगी आहे. नदीकाठची जमीन एकाची आणि तिच्यासमोरच्या पाण्यात सॅमन धरण्याचा हक्क दुसऱ्याचा, अशी वहिवाट तेथे सर्रास आढळते. कारण हा हक्क मुळात राजाचा, आणि राजाने सनदा देऊन तो सरदारांना आणि मठांना बहाल केलेला. तो वंशपरंपरेने चालतो, विकता येतो, खंडाने देता येतो. मासा मात्र पाण्यात आहे तोवर कोणाचाच नाही. आमच्या वतनदारांनी गावे घेतली, महसूल घेतला, मानपान तर घेतलेच. पण गावाखालच्या ओढ्यातल्या एका विवक्षित जातीच्या माशावर वेगळे फर्मान करून घेण्याची कल्पना पेशवाईतल्या एकाही मुत्सद्द्याला सुचल्याचे माझ्या वाचनात नाही. शिवाय रविवारी सॅमन धरणे हा तेथे गुन्हा आहे. ब्राउन ट्राउटला कायद्याने तो आधार दिलेला नाही; आठवड्यातून एक दिवस परमेश्वराने आपल्याकडे लक्ष द्यावे इतकी त्याची योग्यता कायदा करणारांना वाटली नसावी.

माझा भाचा पर्थ शहरात डॉक्टर आहे, आणि तिकडे गेलेल्या मराठी डॉक्टरांना बागकाम, ब्रिज किंवा गळ ह्यांपैकी एक व्याधी जडतेच, त्या न्यायाने त्याला तिसरी जडली आहे. एका सप्टेंबरात तो मला टे नदीवर घेऊन गेला. ह्या नदीचा हंगाम १५ जानेवारीस उघडतो. त्या दिवशी केनमोर गावी पाइपवाद्यांच्या गजरात मिरवणूक निघते आणि नावेवर व्हिस्की ओतून मगच काठ्या सरसावतात. १५ ऑक्टोबरला दप्तर बंद. नदीचे ‘बीट’ पाडलेले असतात, पोलिसांचे असतात तसेच. आणि प्रत्येक बीटावर एक गिली तैनात असतो. गिली म्हणजे नावाडी, राखणदार, पंचांग आणि कुलोपाध्याय एकाच ट्वीडच्या कोटात. आमच्या गिलीच्या टोपीला इतक्या माश्या टोचलेल्या होत्या की तिला बाहेरून कापड शिल्लक असल्याचा पुरावा सापडेना.

“मामा, तुम्ही फक्त बघा, आणि माझ्या मागे उभे राहू नका,” भाचा म्हणाला. कारण मागे भिरकावलेला गळ पाहुण्याच्या कानात अडकणे हा त्या क्षेत्रातला नित्याचा अपघात आहे. मग त्याने ती पंधरा फुटी काठी दोन्ही हातांनी उचलली, पाण्यावर दोरीचे एक मोठे वेटोळे घातले, क्षणभर थांबला, आणि पुढच्या हिसक्यासरशी ते वेटोळे उलगडत उलगडत पंचवीस-तीस यार्डांवर जाऊन सरळ रेषेत असे निजले, की मासा लागो न लागो, एवढ्यासाठी येथे यायला हरकत नाही असे मला वाटून गेले. प्रवाहाने माशी तिरकी फिरली, काठाशी आली. भाच्याने एक पाऊल खाली टाकले आणि पुन्हा वेटोळे घातले. एक फेक, एक पाऊल. मध्येच पाण्यातून हातभर लांबीचा सॅमन सरळ वर उसळला, आमच्याकडे कुशीचा रुपेरी पत्रा फिरवून दाखविला, आणि धप्पकन पडला. “आहे,” गिली म्हणाला. तासाभराने दुसरा उसळला. “तोच,” गिली म्हणाला.

“समजा लागला, तर घरी नेऊन ह्याचे करता काय?” मी भाच्याला विचारले.

“मामा, सोडून द्यायचा. पाण्यातच गळ काढायचा आणि दमला असेल तर तोंड प्रवाहाकडे करून धरायचा, दम येईपर्यंत.”

म्हणजे उपाशी माशाला फसवायचे, थकवायचे, मग त्याची शुश्रूषा करायची आणि निरोप द्यायचा. डॉक्टरांना ह्या खेळाची ओढ का वाटते ते मला तेथे कळले. पण हे सोडून देणे आता निव्वळ सौजन्य उरलेले नाही. मासे खरोखरच घटले आहेत. २०२३ साली निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय यादीत ब्रिटनमधल्या सॅमनची नोंद संकटग्रस्तांत झाली. गिली ह्याविषयी बोलत नाही. त्याच्या डायरीत वडिलांच्या वेळचे आकडे आहेत. ते त्याने मला उघडून दाखविले आणि एक अक्षर न बोलता मिटले.

बोलला तो एकाच विषयावर, आणि तोही भाच्याच्या तीन तास रिकाम्या गेलेल्या काठीकडे पाहत. ह्याच टे नदीवर, ७ ऑक्टोबर १९२२ च्या संध्याकाळी, जॉर्जिना बॅलंटाइन नावाच्या नावाड्याच्या मुलीला चौसष्ट पौंडांचा सॅमन लागला. दोन तासांवर ती झगडत होती, अंधार पडला तेव्हा मासा नावेत आला, आणि पुढे तो पर्थच्या इस्पितळातल्या रोग्यांच्या ताटात गेला. ब्रिटनमधला तो उच्चांक शंभर वर्षांत कोणी मोडलेला नाही. मात्र तिच्या गळाला डेस नावाचा लहान मासा लावलेला होता, माशी नव्हती, म्हणून माशीवाले गृहस्थ जरा कोठे निःश्वास टाकतात तोच १९२४ साली डेव्हरन नदीवर मिसेस मॉरिसन नावाच्या बाईंनी एकसष्ट पौंडांचा सॅमन माशीवरच धरला. मधल्या वर्षी वाय नदीवर साडेएकोणसाठ पौंडांचा लागला, तोही मिस डेव्ही ह्या बाईंनाच. ग्रंथ बहुतेक पुरुषांनी लिहिले, क्लब पुरुषांनी काढले, बुडत्या माशीच्या नीतिमत्तेवर वादसभा पुरुषांनी भरविली; आणि सॅमनने, उपाशी असला तरी, आपले मत इतक्या स्पष्टपणे नोंदविले. बाईच्या हाताच्या वासात काही असावे असा एक सिद्धांतही आहे. अपयशाला रसायनशास्त्राचा आधार मिळाला की पुरुषांना बरे वाटते.

हे सांगून झाल्यावर गिलीने टोपी किंचित उचलली आणि अत्यंत अदबीने विचारले, की डॉक्टरीणबाई तिकडे झोपडीत शेगडीपाशी बसल्या आहेत, त्या घटकाभर काठी धरतील काय? भाच्याने तोंड वेडेवाकडे केले, पण गेला. परत आला तो एकटाच. “ती म्हणते, मी शाकाहारी आहे, मला ह्यात ओढू नका.”

गिलीने पाण्याकडे पाहून थोडा वेळ विचार केला. “नदीत आल्यावर सॅमनही काही खात नाही,” तो म्हणाला. “दोघांचे जमले असते.”

भाचेसून आली नाही. पण तिने डब्यातून पोहे पाठविले. गिलीने एका दगडावर बसून ते चमच्याने, अगदी शेवटच्या दाण्यापर्यंत खाल्ले, आणि हिरव्या मिरचीचा एक वाकडा तुकडा तेवढा बाजूला काढून ठेवला. तो त्याला झोंबला असावा असे समजून मी पाण्याची बाटली पुढे केली. त्याने ती घेतली नाही. मिरचीचा तुकडा त्याने दोन बोटांत धरला, उजेडात ह्या बाजूने त्या बाजूने फिरविला, आणि भाच्याला विचारले, की हा किती नंबरच्या गळावर बसेल.